एका बंदराला वाटेचा एकच नियम

18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे जिवाला मुकली. बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असे नौदलाने जाहीर केले. लाँचला 84 प्रवासी आणि 6 खलाशी एवढाच परवाना होता. प्रत्यक्षात शंभरावर माणसे होती. पुढे लाइफ जॅकेट सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झाले. पण मुंबई बंदराच्या पाण्यात कोणत्या नौकेला कुठवर कोणता नियम लागू, हा मूळ प्रश्न मागेच राहिला. अशा वेळी एक उपाय हमखास पुढे येतो: अंतर्देशीय जलक्षेत्राची हद्द थोडी समुद्राकडे सरकवावी, म्हणजे गेटवे, घारापुरी, मोरा, रेवस, मांडवा हा सगळा टापू एकाच सुटसुटीत नियमावलीखाली येईल आणि लहान लाँचवाल्यांना मोठ्या जहाजांचे नियम पाळायची गरज उरणार नाही. हा उपाय चुकीचा आहे, आणि धोका वाढवणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेषा सरकवायचीच तर ती उलट्या दिशेने, खाडीत आत सरकवायला हवी.

या वादात दोन वेगळ्या रेषांची गल्लत होते. पहिली रेषा नौकेच्या अंगाची: तिचा सांगाडा कसा, काठ किती उंच, इंजिन केवढे, खलाशी किती, कोणत्या लाटेत तिने जावे. दुसरी रेषा वाटेची: दोन नौका समोरासमोर आल्या तर कोणी वळायचे, कोणता दिवा कुठे लावायचा, भोंगा किती वेळा द्यायचा. 1917 चा अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन 2021 चा आला. त्यात भरती-ओहोटीच्या पाण्याची हद्द ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि लाटांच्या उंचीप्रमाणे जलक्षेत्राचे विभागही पाडले जातात. पहिल्या रेषेसाठी ही व्यवस्था शहाणपणाची आहे. शांत खाडीत चालणाऱ्या लाँचला महासागरी जहाजाइतकी मजबुती मागणे अन्यायाचे ठरेल. मात्र दुसऱ्या रेषेला हे तर्कशास्त्र लागू पडत नाही, कारण टक्कर नेहमी दोघांमध्ये होते आणि त्या दोघांपैकी एकाचा नियम दुसऱ्याला ठाऊक नसेल तर तो नियमच उरत नाही. वर्ध्याहून नागपूरला जाणारी गाडी जिल्ह्याची हद्द ओलांडताना रस्त्याची बाजू बदलत नाही. पलीकडून येणाऱ्यानेही तीच बाजू गृहीत धरलेली असते.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम दाखला अमेरिकेचा. तिथे किनाऱ्यालगत अधिकृत सीमारेषा आखलेल्या आहेत. रेषेच्या आत देशांतर्गत नियम, बाहेर समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या करारातले आंतरराष्ट्रीय नियम. आपणही तसेच करावे, असे म्हणता येते. पण तो अनुभव नीट पाहिला तर उलटीच साक्ष देतो. एक छोटा भोंगा घ्या. आंतरराष्ट्रीय नियमात त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’. अमेरिकेच्या अंतर्देशीय नियमात तोच भोंगा म्हणजे ‘तुला डाव्या बाजूला ठेवून जाण्याचा माझा इरादा आहे’, आणि समोरच्याने तसाच भोंगा देऊन संमती कळवायची असते. एका बाजूला चालू असलेली कृती, दुसऱ्या बाजूला मागितलेली परवानगी. रेषेच्या आसपास दोन सुकाणूवाले या दोन समजुतींनी वागले तर काही सेकंदांत काय होईल, ते वेगळे सांगायला नको. अमेरिकेने स्वतः 1980 च्या कायद्याने आपले अंतर्देशीय, पश्चिमी नद्यांचे आणि महासरोवरांचे वेगवेगळे नियम एकत्र केले आणि आंतरराष्ट्रीय नियमांच्या जवळ आणले. सिॲटलजवळच्या प्यूजेट साउंडमध्ये, इतकेच काय त्याला जोडलेल्या गोड्या पाण्याच्या लेक वॉशिंग्टनमध्येही, आंतरराष्ट्रीय नियमच लागू ठेवले आहेत. ज्या देशाने रेषा आखली, त्यानेच गजबजलेल्या बंदराच्या पाण्यात ती मागे घेतली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबई बंदरात तर ही गरज अधिक तीव्र आहे. मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन मोठी बंदरे एकाच मुख्य जलमार्गाने समुद्राला जोडलेली आहेत, आणि गेटवे-मांडवा ही प्रवासी वाट त्याला आडवी छेदते. गेटवेहून मांडव्याकडे निघालेल्या लाँचच्या तांडेलाला, म्हणजे सुकाणूवाल्याला, न्हावा-शेव्यातून बाहेर पडणारे कंटेनर जहाज डाव्या हाताला येते. अंधारात त्याला जहाजाचा हिरवा दिवा दिसतो. आडव्या गाठीचा साधा नियम सांगतो की अशा वेळी जहाजाने वाट द्यावी, लाँचने आपली दिशा आणि वेग कायम ठेवावा. परतताना तेच जहाज उजव्या हाताला, तांबडा दिवा समोर, आणि वाट देण्याचे काम लाँचचे. पण त्याच करारातला नववा नियम म्हणतो की अरुंद मार्गाबाहेर ज्याला जाताच येत नाही अशा जहाजाला वीस मीटरपेक्षा लहान नौकेने अडथळा करू नये, आणि अडथळा होत असेल तर तो मार्ग ओलांडूच नये. म्हणजे जाताना हिरवा दिवा पाहून ‘हक्क माझा’ म्हणत पुढे गेलेला तांडेल चुकतो. खोल पाण्याच्या चरात बांधलेले जहाज त्याच्यासाठी वळू शकत नाही. ही बारकाई ज्याला शिकवली नाही, त्याला आपण अंतर्देशीय म्हणून वेगळे काढले तर त्याच्यावर उपकार होत नाही. त्याला आणि त्याच्या शंभर प्रवाशांना उघड्यावर सोडल्यासारखे होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही दोन्ही समुद्रगामी जहाजे याच बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. दोघांनाही एकच आंतरराष्ट्रीय नियम लागू होते. कंटेनर पाण्यात तरंगत गेले, तेल किनाऱ्यांवर आले, दोन्ही बंदरांची वाहतूक ठप्प झाली. मग समान नियमाने काय साधले? उत्तर असे की समान नियम टक्कर अशक्य करत नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज तो शक्य करतो आणि दोष कोणाचा हे ठरवायला एकच माप देतो. एकाच भाषेत बोलणारेही भांडतात म्हणून त्यांना दोन भाषा द्याव्यात, असे कोणी म्हणत नाही. समान नियम असूनही अपघात होत असेल, तर नियम भिन्न ठेवून तो कमी होईल ही आशा कशाच्या आधारावर धरायची? ‘नीलकमल’च्या बाबतीतही असेच म्हटले जाईल की यंत्र बिघडले, तिथे नियम काय करणार. पण प्रवासी वाटेजवळ वेगाची चाचणी घ्यावी की नाही, हा यंत्राचा नाही, नियमाचा प्रश्न आहे. करारातला पहिलाच नियम बंदरांसाठी खास स्थानिक नियम करायला मुभा देतो. अट एवढीच की ते शक्य तितके मूळ नियमांशी जुळते असावेत. चाचणीचे क्षेत्र, लाँचची वाट, वेगमर्यादा हे सगळे या मुभेत बसते आणि ते नौदलासह सर्वांवर बंधनकारक हवे.

हद्द समुद्राकडे सरकवण्यात दुसरा धोका पहिल्या रेषेचा आहे. अंतर्देशीय म्हटले की नौकेच्या मजबुतीच्या अटी सैल होतात, आणि पाणी मात्र अधिसूचना वाचून शांत होत नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अंतर थोडे, किनारा डोळ्यांसमोर, तरीही. आज पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद राहतात ते याच पाण्यामुळे. धरमतरच्या खाडीतून अंबा नदीत जाणाऱ्या बार्जचा प्रश्नही असाच: त्या मुंबईच्या नांगरवाड्यात मोठ्या जहाजांतून माल उतरवून घेतात आणि राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झालेल्या नदीत शिरतात. एकाच फेरीत समुद्र आणि नदी. नदी-समुद्री नौकांचा वेगळा वर्ग 2013 मध्ये केला गेला तो बांधणीपुरता योग्य होता. वाटेचा नियम मात्र त्या बार्जला रेवसच्या तोंडाशी बदलावा लागता कामा नये.

वर्ध्याजवळच्या नालवाडीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावातून या रेषेची चिंता करणे कोणाला अनाठायी वाटेल. पण घारापुरीची लेणी पाहायला जाणारे प्रवासी विदर्भातलेही असतात. शिवाय 2016 च्या कायद्याने जाहीर झालेल्या 111 राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत पैनगंगा-वर्धा हा मार्गही आहे. नदीच्या पाण्यावर समुद्रगामी जहाज येत नाही तिथे वेगळे, साधे नियम खुशाल असावेत. समुद्रगामी जहाज जिथवर येऊ शकते, तिथवर मात्र आंतरराष्ट्रीय नियम धक्क्यापर्यंत लागू राहावेत, कराराची मूळ व्याप्तीही तीच आहे.

राहिला तांडेलांच्या कुवतीचा मुद्दा. कोळी आणि किनाऱ्यावरचे खलाशी इतके नियम शिकू शकत नाहीत, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. भरती, वारा, खडक आणि चर डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला दिव्यांचे आणि भोंग्यांचे अर्थ कळणार नाहीत, हे मान्य करता येत नाही. अडचण त्यांच्या बुद्धीची नाही, शिकवण्याच्या पद्धतीची आहे. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने परवान्याची परीक्षा मराठीत आणि तोंडी घ्यावी. अंधाऱ्या खोलीत तांबडे-हिरवे दिवे दाखवून ‘आता कोण वळेल’ एवढेच विचारावे, आणि गेटवे-मांडवा वाटेवरच्या प्रत्येक तांडेलाला नववा नियम पाठ असल्याशिवाय सुकाणू हाती देऊ नये. नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचाचा खर्च शासनाने उचलावा. मालकावर तो टाकला तर संच येईल, पण बंद पडला की दुरुस्त होणार नाही.