डोळे न दिपवणारा दिवा

मराठीत उजेड निराळा आणि लखलखाट निराळा. उजेडात समोरच्या माणसाचे तोंड दिसते. लखलखाटात आपल्यालाच डोळे मिटून घ्यावे लागतात. 'दिपणे' हे क्रियापद 'दीप' याच घराण्यातले! घरात नुसत्या पणत्या होत्या तेव्हाही दिव्याचा हा अवगुण आपल्या लोकांच्या ध्यानात आला असावा.

हे पाल्हाळ सुचले ते खर्डीच्या मावशीमुळे. खर्डी हे कसाऱ्याच्या वाटेवरचे स्टेशन. तानसा-वैतरणेचे पाणी मुंबईला पाजणारा हा मुलूख. पण पावसाळ्यात तिथली वीज मन मानेल तेव्हा जाते. म्हणून धाकट्या भावाने मावशीला बॅटरीवरचा एलईडी दिवा नेऊन दिला. चार दिवसांत तो फळीवर गेला. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. "बाबा, त्या दिव्यापरीस अंधार बरा," म्हणून ती काळोखातच ओटीच्या पायऱ्या उतरू लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा पाय घसरला म्हणजे काय होते, ते वाचकांना सांगायला नकोच.

मावशीचा हा हट्ट नव्हता. मोतीबिंदूने भिंग गढूळ होते आणि आत शिरणारा प्रकाश डोळ्यात विखुरतो. त्यातून एलईडीचा प्रकाश निघतो मोहरीएवढ्या ठिपक्यातून. शिवाय पांढरा एलईडी मुळात निळा; त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 साली नोबेल मिळाले. शोध थोरच, पण त्याला झाकण घालायचे काम आपले!

माळ्यावर जुना प्रभाकर कंदील होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, तिथला काचेचा कारखाना 1916 सालचा. खर्डीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने तो हाती घेतला. टाकी साबणाने धुऊन, आठवडाभर उन्हात ठेवून रॉकेलचा अंश घालवला, मगच बूड उघडून आत लिथियमची बॅटरी बसवली. वातीच्या जागी एक वॉटचा एलईडी आला, तोही 6500 नव्हे तर 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर. तो तापून खराब होऊ नये म्हणून ॲल्युमिनियमच्या चकतीवर स्क्रूने घट्ट आवळला. काचेच्या आतून ट्रेसिंग पेपरची नळी सरकवली. तेवढ्याने ठिपक्याचा प्रकाश साऱ्या काचेवर पसरला आणि त्याची धार गेली. वात वरखाली करायच्या चावीशी उजेड कमीजास्त करणारे बटण जोडले. ही कल्पना त्या पोराचीच. मावशीच्या बोटांना नवे काहीच शिकावे लागले नाही.

आता वीज गेली की कंदील ओटीवर टांगतात. पायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. मावशी त्याच्याजवळ तांदूळ निवडत बसते. रॉकेलचा वास नाही, काजळी नाही, सकाळी राखुंडीने काच घासणे नाही. तिची एकच तक्रार आहे. "याच्यावर हात शेकता येत नाहीत रे!"

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हायची आहे. कंदिलाने ती टळणार नाही, टाळूही नये. तोवर पायऱ्या दिसल्या म्हणजे झाले. आपल्याही घरी म्हातारे माणूस असेल, तर यंदा माळ लावताना एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहा. दिवा डोळ्यांवर येत असेल, तर तो हलवायला फार तर एक खिळा लागेल.