अक्षरांचा नॅरोगेज

कुर्डुवाडी जंक्शनवर पूर्वी दोन मापांचे रूळ भेटत. एक मुंबईहून येणारा ब्रॉडगेज, दुसरा १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज. बार्शीचा माल असो की पंढरपूरचा वारकरी, इथे उतरायचे आणि गाडी बदलायची. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला. पण कुर्डुवाडीत राहून सोलापूर विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा देणाऱ्या अंध विद्यार्थ्याचे पुस्तक अजूनही गाडी बदलल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठी पाठ्यपुस्तकाचे खिळे आता कोणी जुळवत नाही. ते संगणकावरच तयार होते. म्हणजे त्याची फाइल कुठेतरी असतेच. मात्र आपल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांचे जुने फॉन्ट वापरले. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मात्र पोटातले तेवढेच वाचतो, आणि अर्थशास्त्राचे अख्खे प्रकरण निरर्थक रोमन अक्षरांच्या बडबडीत ऐकू येते. तेच पान युनिकोडमध्ये असते तर मोफत मिळणाऱ्या याच स्क्रीन रीडरने ते सरळ वाचून दाखवले असते.

मग सुरू होते हमाली. संगणकात असलेला मजकूर कागदावर छापायचा, तो कागद स्कॅन करायचा आणि ओसीआरने पुन्हा संगणकात घालायचा. वाटेत ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘ख’चे ‘रव’. रफार उडतो, तक्त्यातले आकडे एका ओळीत मिसळतात, तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. हे सगळे मूळ पानाशी ताडून पाहायला डोळस माणूस लागतो. असा माणूस म्हणजे बहुधा विद्यार्थ्याची बहीण किंवा खोलीतला सोबती, आणि परीक्षा जवळ आली की त्यालाही स्वतःचा अभ्यास असतो.

ध्वनिमुद्रित पुस्तके आहेतच की, असे यावर कोणी म्हणेल. आहेत, आणि ती वाचून देणाऱ्या स्वयंसेवकांचे ऋण मोठे आहे. पण फक्त कानाने शिकलेल्याला शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. कळतो तो बोटाखालच्या ब्रेलमधून किंवा अक्षर-अक्षर थांबून ऐकता येईल अशा मजकुरातून. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्याचे मोल या दृष्टीनेही आहे. शिवाय प्रबंध लिहिणाऱ्याला संदर्भाचा पान क्रमांक हवा असतो. तीन तासांच्या ध्वनिफितीत पान एकशे सदतीस कुठे शोधायचे?

कायद्याने इथे एक विचित्र उंबरठा ठेवला आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मोफत पुस्तके व साधने देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. म्हणजे महाविद्यालयाचे वाचन वाढू लागते नेमके तेव्हा हात काढून घेतलेला. दुसरीकडे, २०१२ च्या दुरुस्तीनंतरचा कॉपीराइट कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. कलम ५२(१)(झेडबी)नुसार अपंग वाचकासाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयेही त्यात येतात. अटी दोनच: नफा घ्यायचा नाही आणि प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही. अंध वाचकांसाठी वाचनसुलभ प्रतींना मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार सर्वांत आधी, २०१४ मध्ये, स्वीकारणारा देश भारतच. तरीही ‘कॉपीराइटचे काय?’ हा प्रश्न आपल्याच ग्रंथपाल व्यवसायबंधूंकडून सर्वाधिक ऐकू येतो.

आपल्या महाविद्यालयांची सगळी तत्परता परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवलेली असते. लेखनिक शोधला जातो, तासाला वीस मिनिटे जादा दिली जातात, वेगळी खोली उघडली जाते. हे हवेच. पण वर्षभर पुस्तकच मिळाले नसेल, तर त्या जादा तासात त्याने लेखनिकाला सांगायचे काय?

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालवले आहे. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे देशव्यापी ऑनलाइन ग्रंथालयही आहे. आपण त्याचे नाव सूचनाफलकावर लावतो. त्यात आपल्या अभ्यासक्रमातले मराठी पुस्तक नसेल, तर ते तयार करून तिथे पोहोचवणे हेही आपलेच काम, हे मात्र मनात येत नाही. तालुक्याच्या ग्रंथालयाकडे एकच कर्मचारी असतो आणि स्कॅनरही धड चालत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच प्रत्येकाने सगळे करू नये. एका विद्यापीठातल्या महाविद्यालयांनी नेमलेली पुस्तके वाटून घ्यावीत. कुर्डुवाडीने तपासलेली इतिहासाची फाइल बार्शी, पंढरपूर, माढ्याला पुन्हा तपासावी लागू नये.

आणि मुळावरच घाव घालायचा तर खरेदीची वेळ योग्य. प्रकाशकाला आपल्या सवलतीच्या टक्केवारीवरून तासभर घोळवणारे ग्रंथपाल आम्ही पाहिले आहेत, त्यांत आम्हीही आलो. यंदा जूनच्या मागणीपत्राच्या तळाशी एक ओळ घाला: ‘अंध विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी या पुस्तकाची युनिकोड फाइल सोबत द्यावी.’ काही प्रकाशक देतील, काही उत्तरच देणार नाहीत. दोन्ही प्रकारची नावे आम्हाला कळवा. देणाऱ्यांची यादी या मासिकात छापू, आणि ते पान अर्थातच युनिकोडमध्ये असेल.