राष्ट्रपतिपद निवडणूक : अखेरच्या क्षणी पारडे का फिरते?

अंबत्तूर (चेन्नई) : चेन्नईतील अंबत्तूरचा आमदार राष्ट्रपतिपदासाठी मतदान करतो, तेव्हा त्याच्या मताचे मूल्य १७६ असते, महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे १७५. मतदान गुप्त असते आणि पक्षांना या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये पूर्ण होतो. त्यापुढील निवडणुकीची गणिते पक्षनिहाय मांडली जातील. मात्र कागदावरील बेरीज मतपेटीत टिकतेच असे नाही, हे १९६९ च्या निवडणुकीने दाखवून दिले आहे.

डॉ. झाकीर हुसेन यांचे मे १९६९ मध्ये निधन झाल्यानंतर काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना अधिकृत उमेदवारी दिली. सर्वांत मोठ्या पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांचे पारडे जड मानले जात होते. कामगार चळवळीतून पुढे आलेले व्ही. व्ही. गिरी अपक्ष होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख यांना स्वतंत्र पक्ष व जनसंघाचा पाठिंबा होता.

गिरी यांची मुसंडी मतदारांच्या अचानक झालेल्या मतपरिवर्तनातून आली नाही. द्रमुक, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि अकाली दल यांची मते त्यांच्याकडे आधीच होती. उणीव होती ती काँग्रेसमधील मतांची. जुलैमध्ये १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ‘सिंडिकेट’ यांच्यातील दरी रुंदावली. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितल्याने अधिकृत उमेदवाराविरुद्ध बोलण्यास इंदिरा गटाला आयतेच कारण मिळाले. मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन झाले आणि आधीच सैल झालेली मते सुटली.

मतमोजणीत पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते गिरी यांना, ३,१३,५४८ रेड्डी यांना आणि १,१२,७६९ देशमुख यांना मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. बाद झालेल्या उमेदवारांच्या पुढील पसंतीची मते मोजू लागताच मुसंडी मारली ती रेड्डी यांनी. त्यांच्या खात्यात ९१,८७९ मतमूल्याची भर पडली, गिरी यांच्या खात्यात केवळ १८,५६२. सुमारे ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली. गिरी ४,२०,०७७ मतांसह विजयी झाले. आवश्यक संख्येपेक्षा ती जेमतेम १,९०८ अधिक होती.

या एकाच निवडणुकीत अखेरच्या मुसंडीचे दोन मार्ग दिसतात. प्रतिस्पर्धी गटात फूट असेल तर मागे असलेला उमेदवार तेथील मते थेट आपल्याकडे ओढतो. तिरंगी लढतीत तो तिसऱ्याच्या मतदारांची दुसरी पसंती मिळवतो. पहिला मार्ग दुहेरी लाभाचा, कारण वळलेले प्रत्येक मत एकाची बेरीज वाढवते आणि दुसऱ्याची घटवते. दुसऱ्या मार्गात प्रतिस्पर्ध्याची मते जागीच राहतात. रेड्डी यांची मुसंडी मोठी असूनही अपुरी ठरली, त्याचे कारण हेच.

पक्षनिष्ठेपलीकडील आपुलकीही मते हलवते. २००७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. त्या लढतीत अंतर मोठे असल्याने निकाल त्यावर अवलंबून नव्हता. अंतर कमी असते, तेव्हा मात्र अशीच मते निर्णायक ठरतात. त्यामुळे आगामी निवडणुकीत कोणाकडे किती मते आहेत, याबरोबरच आघाडीवरील गटात किती जण नाराज आहेत, हेही पाहावे लागेल.