शंभर युनिटांच्या पलीकडे

विजेचं बिल आलं की बहुतेक घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात, रक्कम आणि भरायची शेवटची तारीख. आता तर बिल मोबाइलवर येतं आणि तिथूनच भरलं जातं, त्यामुळे तेवढंही धड पाहणं होत नाही. माझं सांगणं असं, की महावितरणचं एखादं बिल निवांत बसून ओळ न ओळ वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार घराला कुलूप असलं तरी चुकत नाही. आपल्या हातात असतो तो फक्त युनिटांचा आकडा.

त्या आकड्याची एक गंमत नीट समजून घ्यायला हवी. घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटं एका दराने मिळतात आणि १०१ ते ३०० पर्यंतची जवळजवळ दुप्पट दराने. शंभरी ओलांडली की सगळाच वापर महाग होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण म्हणूनच महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटं जाळणाऱ्या घराने वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या महागड्या टप्प्यातलं असतं. दहा-वीस युनिटांनी काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

आणि वाचवायचं कुठे? एसीवर सगळ्यांचा डोळा असतोच. तो २४ अंशांवर ठेवा, पुढचं बोलायची गरज नाही. मला बोलायचंय ते छताच्या पंख्याबद्दल, कारण तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. जुना साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३०-३५ वॉट घेतो. दोन खोल्यांतले दोन पंखे दिवसाला बारा तास फिरले, तर महिन्याला तीसेक युनिटांचा फरक पडतो. वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि शुल्क धरून युनिटामागे दहा रुपयांहून जास्तच जातात, म्हणजे महिन्याचे तीनशे रुपये कुठे गेले नाहीत. पंख्याला अडीच-तीन हजार मोजावे लागतात, ते दोनेक वर्षांत फिटतात आणि पंखा पुढे कितीतरी वर्षं चालतो. जुनाच पंखा ठेवायचा असेल, तर भिंतीवरचा तो डब्याएवढा मोठा रेग्युलेटर तरी बदला. पंखा एकवर केला तरी कमी झालेल्या वाऱ्याची बरीचशी वीज त्या डब्यात नुसती तापून जाते. हात लावून बघा, गरम लागेल.

फ्रीजची परीक्षा तर दहा रुपयांच्या नोटेवर होते. नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर ठीक. सरसर निघाली, तर दाराचं रबर सैल झालंय आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस तुमचं स्वयंपाकघर गार करतोय. ही परीक्षा चारही बाजूंनी करा, बिजागरीकडे रबर शाबूत आणि खालच्या कोपऱ्यात फाटलेलं असं हमखास सापडतं. फ्लशच्या टाकीचंही तसंच. टाकीत चिमूटभर हळद कालवलेलं पाणी ओता आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळसर ओघळ दिसला, की आतलं वॉशर गेलं. हे पाणी फुकटचं नसतं. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप चालतो, त्याची वीज मेंटेनन्समधून जाते आणि पुण्यासारख्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीला टँकर मागवावा लागला, की त्याची वर्गणी वेगळी. वॉशरची किंमत त्यापुढे किरकोळ आहे. प्लंबर एका वॉशरसाठी यायला कुरकुरतो हे खरं, म्हणून शेजारच्या तीन-चार घरांची कामं एकत्र करून त्याला एकाच दिवशी बोलवावं.

हे सगळं मी एवढ्या तपशिलात सांगतेय, कारण महिनाअखेरीला ओढाताण झाली की आपली कात्री भलतीकडेच चालते. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस होते. घरकामाच्या ताईंना या वर्षी पगारवाढ नको, असं ठरतं, किंवा त्यांच्या दोन खाड्यांचे पैसे कापले जातात. ही बचत मला मुळीच मान्य नाही. आपला खर्च आपल्याहून कमी मिळवणाऱ्याच्या ताटात ढकलणं आणि त्याला काटकसर म्हणणं, हे थांबायला हवं. पंखे, रबरं, वॉशर यांच्यातून जेवढं निघतं, तेवढं कोथिंबिरीतून वर्षभरातही निघत नाही.

गॅसबद्दल थोडक्यात. ज्योत पिवळी दिसली आणि पातेल्यांची बुडं काळी पडू लागली, की बर्नरची भोकं तुंबली असं समजा आणि टाचणीने साफ करा. तूरडाळ अर्धा तास भिजवा. आणि कुकरच्या शिट्या मोजण्याची आपली सवय जरा बाजूला ठेवा. डाळ शिटीने शिजत नाही, कुकरच्या आतल्या दाबाने शिजते. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि एवढी उष्णता टिकवायला अगदी मंद आच पुरते. शिटी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं, म्हणजेच जास्तीचा गॅस. पहिली शिटी झाली की आच बारीक करावी आणि घड्याळ पाहावं. भाताला, डाळीला किती मिनिटं लागतात हे आठवडाभरात आपोआप कळतं.

आता साठवणीचे दिवस आहेत, म्हणून हे सांगायलाच हवं. गहू बाजारात येतो मार्च-एप्रिलमध्ये. नवी तूर त्याआधी येते आणि तिची डाळ याच सुमारास घ्यायची असते. चिंच, लाल मिरची, हळद, सगळ्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी. कांदा घ्यायचा तोही उन्हाळीच, तो पसरून ठेवला तर पावसाळाभर टिकतो. खरिपाचा लाल कांदा तेवढा टिकत नाही. आपल्या आज्यांनी गव्हाला कडक उन्हं दिली, कडुनिंबाचा पाला घातला, तांदळाला एरंडेल चोळलं, ते हौसेपोटी नव्हे. हंगामात धान्य स्वस्त असतं आणि श्रावण-भाद्रपदात सण तोंडावर आले की दर चढतात, हा त्यांचा रोकडा हिशेब होता.

पण या हिशेबाला एकरकमी पैसा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही, ते पाच-पाच किलो आटा, पावशेर डाळ आणि तेलाची पिशवी असं सुटं घेतात आणि वर्षाकाठी आपल्याहून महाग खातात. पूर्वी बायका यासाठीच भिशी लावत. दरमहा थोडे पैसे टाकायचे आणि एप्रिलमध्ये ज्याच्या त्याच्या घरी धान्य येऊन पडायचं. इमारतीतल्या आठ-दहा घरांनी मिळून मार्केट यार्डातून गहू आणला, तर भाव आणि टेम्पोचं भाडं दोन्ही परवडतं. त्या यादीत आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचंही नाव घालावं. त्यांच्या वाट्याच्या गव्हाचे आणि डाळीचे पैसे आपण उचल म्हणून द्यावेत, बिनव्याजी, आणि पुढच्या दहा महिन्यांत थोडे थोडे वळते करून घ्यावेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या घरीही एप्रिलच्या भावाची पोळी होईल. यादी याच आठवड्यात करायला हवी, कारण वळवाचा पाऊस सुरू झाला की गव्हाला ऊन मिळत नाही.