गिऱ्हाईक व्हा, जर्सीची शेती जगवा

न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोत आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. याच गावात एके काळी वॉकर-गॉर्डनची प्रसिद्ध दुग्धशाळा होती. मध्य जर्सीतल्या आपल्या कितीतरी वसाहती पूर्वीच्या शेतजमिनींवर उभ्या आहेत. उरलेली शेतं वाचवण्यासाठी राज्याने १९८३ मध्ये कायदा केला आणि आजवर दोन लाखांहून अधिक एकर जमीन राखली. मात्र कायद्याने जमीन राहते, शेतकरी टिकायला गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक आपण व्हायला हवं, असं मी आग्रहाने म्हणतो.

यावर पहिला आक्षेप अभ्यासू मंडळी घेतात: जवळचं खाल्ल्याने पर्यावरणाचा फारसा फायदा होत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासानुसार, अमेरिकन घरातल्या अन्नापायी जे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यांत वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच आहे. बाकी बहुतेक वाटा उत्पादनाचा. हे मला मान्य आहे. म्हणूनच जहाजाने येणारी तूरडाळ आणि मसाले सोडा, असं मी सांगत नाही. जानेवारीत तापवलेल्या काचघरातल्या टोमॅटोचाही आग्रह धरत नाही. पण तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या कित्येक पट इंधन जाळतं. ऑगस्टमध्ये जवळच्या शेतात भेंडी तोडणीला आलेली असताना विमानाने आलेली, मलूल भेंडी आपण का घ्यावी?

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: “आपल्या भाज्या इथे कुठे मिळतात?” मिळतात. जूनमध्ये नवलकोल, मुळा, बीटाचा पाला. उन्हाळा चढला की वांगी, भेंडी, मिरच्या, मक्याची कणसं. घोळ आणि चाकवत तर इथल्या शेतांत तण म्हणून उपटून टाकतात. शेतकऱ्याला सांगितलं तर तो आनंदाने जुडी बांधून देईल. शरदात इथल्या पाइन बॅरन्स भागातली क्रॅनबेरी येते आणि तिचं लोणचं अप्रतिम होतं. रटगर्स विद्यापीठाने भारतीय ग्राहक कोणत्या भाज्या घेतात, याचा अभ्यास केला तो इथल्या शेतकऱ्यांसाठीच. मागणी दिसली तर ते दुधी-कारलीही लावतील.

जवळ पिकलेलं खाणं आपल्याला नवं नाही. भोगीची भाजी पौषात शिवारात जे असेल त्याचीच होते. ऋषिपंचमीची भाजी तर परसातल्या, बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या जिनसांची. त्यातलं कणीस, लाल भोपळा, भेंडी हे सगळं सप्टेंबरमध्ये जर्सीत ताजं मिळतं.

तेव्हा दोन गोष्टी करू या. प्रत्येक घराने, किंवा दोन-तीन घरांनी मिळून, एखाद्या शेताचा हंगामी हिस्सा घ्यावा: पैसे आगाऊ भरायचे आणि हंगामभर दर आठवड्याला भाजीची टोपली आणायची. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी हातात पैसा मिळतो, जोखीम वाटली जाते. आणि आपल्या मराठी मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची भाजी थेट जर्सीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी. कार्यकारिणीने पुढच्याच सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे.