बांध तिनं घातला, सातबारा कोणाचा?

२६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान शिर्डीला आले. निळवंडे धरणाचं जलपूजन झालं, डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. अकोल्यापासून सिन्नरपर्यंत सात तालुक्यांतल्या १८२ गावांसाठी हे पाणी. जिरायती गावांनी त्याची वाट जवळजवळ पन्नास वर्षं पाहिली होती, तेव्हा आनंद व्हायचाच. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. जलपूजनाला चार दिवस होतात न होतात तोच, ३० ऑक्टोबरला, मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा या समूहांतून जायकवाडीसाठी सुमारे साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला.

मराठवाड्यातल्या बायकांच्या हंड्याचा या पाण्यावर हक्क आहे. त्याबद्दल आपली तक्रार असायचं कारण नाही. पण या चार दिवसांनी एक गोष्ट लख्ख दाखवली. पाटाने आलेलं पाणी कधी येईल, किती येईल आणि कधी दुसरीकडे वळेल, हे आपल्या हातात नसतं. शेताच्या मातीत मुरलेलं पाणी मात्र कोणाच्या आदेशाने वाहून जात नाही. २०१८ चा दुष्काळ, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला काढणीच्या तोंडावरचा पाऊस, २०२३ चा कोरडा ऑगस्ट, हे सगळं पाच-सहा वर्षांत आपण पाहिलं. पाऊस आता ठरल्या वेळी येत नाही आणि आला की कोसळतो. अशा वेळी माती किती पाणी धरते, यावर घरातली भाकरी ठरते.

माती पाणी धरते ती तिच्यातल्या कुजलेल्या काडीकचऱ्याच्या, शेणाच्या बळावर. ती भुसभुशीत असली तर पडलेला पाऊस आत जिरतो, नाहीतर वरची सुपीक माती घेऊन ओढ्याला मिळतो. खताचंही तसंच आहे. युरिया पाण्यात लगेच विरघळतो. शेत तुडुंब भरून पाणी दिलं की त्यातलं नत्र पाण्याबरोबर खोल, मुळांच्या आवाक्याबाहेर जातं. गोणीचे पैसे जातात आणि तेच नत्र पुढे विहिरीच्या पाण्यात उतरतं. ते पाणी आपणच पितो.

जास्त पाण्याने काय होतं, हे शिर्डीच्या आसपासच्या गावांना नव्याने सांगायला नको. नांदूर मध्यमेश्वरपासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांना शंभराहून अधिक वर्षं झाली. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. ऊस आला, पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आला, घराघरात पैसा आला. त्याबरोबर पाटाखालच्या किती तरी काळ्या जमिनी पाणथळ झाल्या, खारवट झाल्या. जमिनीखालचं पाणी वर चढलं, त्याने वर आणलेले क्षार मातीवर साचले, जमीन चोपण झाली. निळवंड्याच्या नव्या लाभक्षेत्रानेही तुडुंब भरण्याचाच धडा गिरवला, तर पन्नास वर्षांची वाट पाहणं पुढच्या पिढीला महागात पडेल.

हे सगळं कृषी विद्यापीठं सांगतात, कृषी सहायक सांगतो. शेणखत घाला, उसाचं पाचट जाळू नका, ताग-धैंचा गाडा, तुरीचं आंतरपीक घ्या, उताराला आडवी पेरणी करा, बांध दुरुस्त ठेवा. सल्ला बरोबरच आहे. पण यातली कामं करतं कोण? गोठ्यातलं शेण भरून उकिरड्यावर नेणारी बाई. खताच्या पाट्या वाहणारी बाई. पाचट सरीत पसरवणारी, खुरपणी करणारी, बी राखणारी बाई. आपल्याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी वाणांचं बी जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या कितीजणी कोणाला न दिसता गाडग्यात राख घालून बी जपत आल्या आहेत.

शेणाचंच उदाहरण घ्या. सिलिंडर परवडत नाही तेव्हा शेणाच्या गोवऱ्या होतात आणि जे मातीत जायचं ते चुलीत जातं. त्या घरातल्या बाईला शेणखताचं महत्त्व कळत नाही असं नाही. तिला संध्याकाळचा स्वयंपाक करायचा असतो. म्हणजे सिलिंडरचा भाव आणि जमिनीचा कस यांचं नातं तिच्या चुलीपाशी जुळतं. मात्र कोणत्याही योजनेच्या कागदावर या चुलीला जागा नाही.

बांधाचं तसंच. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, समतल बांध यांची माती बायकांनी डोक्यावर वाहिली. काम संपलं, पाणी साठलं, खालच्या विहिरींना पाणी वाढलं. विहीर ज्याच्या नावावर, पाणी त्याचं झालं. जिने माती वाहिली तिला मजुरी मिळाली, आणि तीही बऱ्याचदा उशिरा.

पाणलोटाच्या कामांतही हेच दिसतं. माळरानावर गवत आणि झाडं यावीत म्हणून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करावी लागते. डोंगर त्याने खरोखर हिरवे झाले. पण बंदीच्या पहिल्या वर्षांत शेळ्या विकाव्या लागल्या त्या भूमिहीन घरांना, आणि सरपणासाठी दोन मैल जास्त चालावं लागलं ते बायकांना. बंदी नको असं आपण म्हणत नाही. चारा आणि जळणाची सोय आधी, बंदी मागून, एवढं साधं गणित ठरवणाऱ्यांनी मांडायला हवं.

ठरवणं हाच कळीचा मुद्दा आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. पाणी गावाचं आहे, तेव्हा गावाने बसून वाटावं, हा विचार मोलाचा आहे. तुमच्या गावात उद्या असा ताळेबंद मांडायचा ठरला, तर त्या बैठकीत बायका असतील का? आणि असल्या, तर त्या बोलतील का?

बाईने पाणी धरण्याचं काम करायचं, आणि कोणतं पीक घ्यायचं, पाणी कधी द्यायचं, कर्ज कशाला काढायचं हे मात्र दुसऱ्याने ठरवायचं. याचं मूळ सातबाऱ्यात आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी बायका जेमतेम १४ टक्के होत्या. पाण्याचा सात नंबरचा अर्ज जमीनधारकाने भरायचा. २००५ च्या कायद्याने आलेल्या पाणी वापर संस्थांचं सभासदत्वही जमिनीशीच बांधलेलं. जमीन नावावर नाही म्हणून पाण्याच्या सभेत जागा नाही, असा हा फेरा आहे.

तो तोडायचे प्रयत्न आपल्या शेजारीच झाले आहेत. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी भावाचं मन मोडू नये म्हणून हक्कसोड पत्रावर अंगठा उठवणाऱ्या आपणच आहोत, हेही मान्य करायला हवं.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या तीन महिन्यांत चार कामं करू या. तलाठ्याकडून घरच्या जमिनीचा सातबारा काढून वाचू या आणि त्यावर बाईचं नाव सहधारक म्हणून लावण्याचा आग्रह धरू या. हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी निदान एकदा गटात बोलू या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. त्या सभेत पाणी, शेणखत, चारा आणि सरपण हे विषय लेखी मांडू या. आणि पाणी वापर संस्थेत, जी शेत कसते ती सभासद, ही मागणी करू या.

आपल्या वस्तीत किती जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत, ते मोजून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आपण तो हिशेब गावागणिक छापू.