खेळणारी मुलगी पुढे काय करते?

मुलगी खेळते म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो : खेळून पुढे काय? असा प्रश्न विचारणाऱ्यांना जुन्या विचारांचे म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र तो प्रश्न अगदी वाजवी वाटतो. आमच्या मुळशीत भाताची चार खाचरे आणि पिरंगुटच्या कारखान्यातला एक पगार यांवर जे घर चालते, त्या घराला मुलीने आणलेल्या ढालीपेक्षा तिच्या पोटापाण्याची काळजी अधिक असणारच. तेव्हा रागावण्यापेक्षा उत्तर शोधावे हे बरे. ते मला गोव्याच्या मेमोल रॉकी यांच्या कारकिर्दीत सापडले. पूर्ण नव्हे, अर्धेच.

हे नाव आमच्या वर्गात कितीजणांना ठाऊक असेल? क्रिकेटच्या राखीव खेळाडूंचीसुद्धा नावे ज्यांना पाठ, ते येथे गप्प बसतील. मेमोल रॉकी गोव्याकडून खेळल्या, भारताकडून खेळल्या आणि खेळणे थांबल्यावर प्रशिक्षक झाल्या. २०१७ मध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. २०१८ च्या नोव्हेंबरात ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत ह्या संघाने बांगलादेशाला ७-१ असे हरवले आणि प्रथमच दुसरी फेरी गाठली. २०१९ च्या मार्चमध्ये विराटनगरला, नेपाळच्याच भूमीवर, नेपाळला ३-१ ने नमवून दक्षिण आशियाचे अजिंक्यपद सलग पाचव्यांदा मिळवले. पुढच्याच महिन्यात म्यानमारमध्ये ती दुसरी फेरी झाली. इंडोनेशिया व नेपाळ यांच्यावर विजय, यजमानांशी ३-३ अशी बरोबरी, आणि केवळ गोलफरकाने आपण बाहेर! त्याच वर्षाच्या डिसेंबरात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदकही आले. एवढे होऊनही वर्तमानपत्रांनी ह्या बाईंना किती जागा दिली, ते जुने अंक चाळून ज्याने त्याने पाहावे.

२०२१ च्या जुलैमध्ये त्यांनी वैयक्तिक कारणासाठी पद सोडले. त्यांच्या जागी स्वीडनचे थॉमस डेनरबी आले. माणूस जाणता, स्वीडनच्या महिला संघाचा प्रशिक्षक राहिलेला. त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु २०२२ च्या जानेवारीत आशियाई चषक आपल्याच महाराष्ट्रात भरला, तेव्हाचे चित्र पाहा. भारताचा पहिला सामना इराणशी, नवी मुंबईत. इराणच्या संघाची प्रशिक्षक बाई, मरियम इरानदूस्त. आपला प्रशिक्षक पुरुष. स्त्रियांवरील बंधनांसाठी आपण ज्या देशाचे नाव घेतो, त्याने आपल्याला येथे मागे टाकले होते. सामना ०-० असा सुटला. नंतर आपल्या संघात करोना शिरला, पुढचा सामना होऊच शकला नाही आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

त्या स्पर्धेत चीनच्या प्रशिक्षक होत्या शुई चिंगशिया. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या चिनी संघात त्या स्वतः खेळल्या होत्या. त्यांच्या संघाने उपांत्य सामन्यात जपानला पेनल्टीवर हरवले ते बालेवाडीत, आमच्या पौडहून तासाभराच्या वाटेवर! प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून आम्हांपैकी कोणी पाहिले नाही. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे पडलेला हा संघ अखेर ३-२ असा जिंकला.

कोणी म्हणेल, प्रशिक्षक चांगला असला म्हणजे झाले, बाई की पुरुष हे कशाला पाहायचे? वरच्या पातळीवर हे कदाचित खरे असेलही. तालुक्याच्या पातळीवर ते साफ खोटे आहे. सामना परगावी असतो, परतायला रात्र होते, आणि सोबत बाई नाही म्हटल्यावर आई पिशवी भरूच देत नाही. माझ्याबरोबर कबड्डी खेळणाऱ्या दोघी अशाच घरी बसल्या. एकीची पकड माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. शिवाय पाळीच्या दिवसांत पोटात कळ येते, तेव्हा ते सरांना सांगायचे कसे? मुलगी खोटेच "पाय मुरगळला" म्हणते आणि सर तिला आळशी समजतात.

अर्थात खेळता आले म्हणून शिकवता येते असे नव्हे. त्याचे रीतसर शिक्षण आहे, परवाने आहेत, पायरी पायरीने परीक्षा आहेत, आणि त्यांना फी पडते. गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या आणि पुढे आशियाई महासंघाच्या 'ए' परवान्यापर्यंत पोचल्या. खेड्यातल्या मुलीला ही वाट बंद नाही, एवढे त्यावरून दिसते. हॉलंडच्या सारिना विग्मन खेळत असतानाच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत. पुढे त्यांनी २०१७ मध्ये आपल्या देशाला, आणि २०२२ व २०२५ मध्ये इंग्लंडला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. तरीही २०२३ च्या महिला विश्वचषकातील ३२ संघांपैकी फक्त १२ संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. म्हणजे दुखणे केवळ आपलेच नव्हे.

परदेशी प्रशिक्षक आणू नयेत असे माझे म्हणणे नाही. ते आले तर त्यांच्या हाताखाली भारताकडून खेळलेल्या दोघीतिघी असाव्यात, म्हणजे ते परत जाताना विद्या येथेच राहील. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या आणि लग्न होऊन आमच्या तालुक्यात आलेल्या सुना आहेत. त्यांची प्रशस्तिपत्रे ट्रंकेत आहेत. संध्याकाळचे दोन तास मैदानावर याल का, मानधन देऊ, असे त्यांना विचारायला अजून कोणी गेलेले नाही.